तेल प्यायलेला पाचू

ये कनू, अशी पुढे बस. पाठ माझ्याकडे कर. बाबू, तू पाय पांघरुणात घे आधी. कनूच्या डोक्याला तेल लावून होईपर्यंत गोष्ट, मग डोळे मिटायचे. कबूल? बरं.

तर एक राजा होता, आणि त्याला दगडांचं वेड होतं.

साधेसुधे दगड नव्हेत, बरं का. रत्नं. माणिक, पाचू, नीलम, पुष्कराज. मोती काही दगड नाही, तो शिंपल्यात होतो, पण राजा त्यालाही त्यांच्यातच धरायचा. बाकीचे सगळे जमिनीच्या पोटात तयार होतात. वर आपण नांदत असतो, आणि खाली अंधारात, उकाड्यात, केवढ्या तरी भाराखाली ते हळूहळू जमत असतात. कुणी बघायला नसतं. मग कधीतरी कुणी खणतं, कुणी घासतं, कुणी पैलू पाडतं, आणि सोनार त्यांना कोंदणात बसवतो. कोंदण म्हणजे दगडाचं घर. सोन्याचं, आणि तो दगड नेमका मावेल एवढंच.

राजाचं नाव वज्रसेन. नदीकाठी त्याचा महाल होता. महालात रत्नशाळा होती. तिथं खणाखणांची तबकं होती, आणि प्रत्येक खणात मखमलीवर एकेक रत्न निजलेलं. ती रत्नं कुणी घालायची नाहीत. फक्त ठेवायची आणि बघायची. राजा रोज सकाळी आंघोळ झाली की तिथं जायचा आणि एकेक उचलून उन्हात धरायचा.

काय बघायचा? खोट बघायचा.

खोट म्हणजे दगडाच्या आतला डाग. बारीकशी भेग. धुरकट ठिपका. राजाला खोट चालायची नाही. सापडली की तो दगड खिडकीतून थेट नदीत. दगड कितीही सुंदर असो. डुबुक.

दगडांपुरतं होतं तोवर ठीक होतं. पण वेड असं एका जागी थांबतंय थोडंच! हळूहळू राजा माणसांकडेही तसंच बघायला लागला. दरबारात एक भाट तोतरा बोलायचा. राजा म्हणाला, खोट. त्याला नावेत बसवलं आणि नदीपलीकडे सोडून दिलं. मग एका माळिणीच्या गालावर भाजल्याचा डाग होता. ती गेली. मग लंगडणारा घोडेवाला गेला. पलीकडे नुसता काळा खडक. नाव यायची ती रिकामी, आणि इकडच्या काठाला साखळीनं बांधून ठेवायचे.

मग लोक घाबरले. ज्याला त्याला आपलं काहीतरी लपवायचं असायचं. कुणी केस पुढे ओढून कपाळ झाकायचं. कुणाला कमी ऐकू यायचं, तो सगळ्यालाच "हो हो" म्हणायचा. बायका बाळाची पाठ उघडी पडू द्यायच्या नाहीत, न जाणो एखादा डाग दिसायचा. बाजारात माणसं एकमेकांशी बोलायची ती खाली मान घालून.

बिनखोटीचं माणूस कसं असतं गं, कनू? मी तर नाही पाहिलं. हलू नकोस, गुंता आहे इथं.

राजाची राणी होती सुलक्षणा, आणि मुलगी होती इंदुली. तुझ्याएवढी. या इंदुलीला सांभाळायला भीमाक्का नावाची दाई होती. म्हातारी. तिनं राजालासुद्धा लहानपणी मांडीवर खेळवलं होतं. एके दिवशी भीमाक्काच्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर पांढरा ठिपका आला. राजानं तो बघितला.

"वजू," भीमाक्का म्हणाली, "अरे, तुला न्हाऊ घातलंय मी."

राजानं तिच्याकडे बघितलं नाही. नाव आणा म्हणाला.

तेव्हापासून इंदुली रोज संध्याकाळी गच्चीवर जायची आणि पलीकडे चुलीचा धूर दिसतो का ते बघायची. दिसला की मगच जेवायची.

आता राणीची गोष्ट ऐका. राणीच्या गळ्यात एक पाचू होता. तिच्या आईनं लग्नात दिलेला. हिरवागार, भाताच्या खाचरासारखा. राजाला तो फार आवडायचा. राणी मात्र तो कुणाला हात लावू द्यायची नाही. दर पौर्णिमेला सकाळी न्हाणीघराला आतून कडी घालायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. इंदुलीनं विचारलं, "आई, आत काय करतेस?" तर राणी म्हणायची, "काही नाही. तू पाचूला हात लावू नकोस हं." का, ते काही सांगायची नाही.

का, ते सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

त्या राज्यात वर्षातून एकदा रत्नदर्शन असायचं. महालाच्या चौकात, जिथून पायऱ्या थेट नदीत उतरायच्या, पांढऱ्या दगडाचं कुंड होतं. त्यात स्वच्छ पाणी भरायचं. भर उन्हात एकेक रत्न त्या पाण्यात सोडायचं. पाण्यात बुडालं की वरची चकाकी जाते, आणि दगड आरपार दिसतो. आतलं काही म्हणून लपत नाही. निरखपंत नावाचे रत्नपारखी वाकून बघायचे आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "निर्दोष!" नाहीतर, "खोट!" ज्याच्या रत्नात खोट निघेल, तो त्या रत्नासकट नदीपलीकडे. सगळ्यांची रत्नं कुंडात जायची. एक राजाच्या टोपातला हिरा तेवढा जायचा नाही. राजाला कोण सांगणार?

तर रत्नदर्शनाचा आदला दिवस होता. राणी पूजेला बसली होती. गळ्यातला पाचू काढून डबीत ठेवलेला, आणि डबी उघडी होती. इंदुलीनं बघितलं तर पाचूवर चिकट थर, त्यावर धूळ बसलेली.

"अगंबाई," ती म्हणाली, "आईचा पाचू मळलाय! उद्या सगळ्यांसमोर असा न्यायचा?"

आईला मदत करावी म्हणून तिनं काय केलं? रिठे घेतले. चांगलं कढत पाणी घेतलं. फेस काढला. आणि पाचू त्यात टाकून खसाखसा चोळला. पोरगी खूश! फेसाबरोबर सगळा चिकटा निघून गेला. मग तिनं पाचू परकरानं पुसला आणि उजेडात धरला.

बघते तर काय?

पाचूच्या आत भेगा होत्या. एक नाही, पुष्कळ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मी फोडला," इंदुली म्हणाली. तिला रडूसुद्धा येईना. तिनं पाचू मुठीत घट्ट धरला आणि मूठ परकराच्या घोळात लपवली.

तेवढ्यात राणी आली. डबी बघितली. रिकामी. राणीचं तोंड पांढरंफटक पडलं.

"इंदू, इथं कुणी आलं होतं का?"

इंदुलीनं नाही म्हणून मान हलवली.

"पाचू बघितलास?"

इंदुलीनं परत मान हलवली. राणीनं गादी झटकली, उशा उसवल्या, देव्हारा हलवला.  इंदुलीनं आईला असं कधी बघितलं नव्हतं. सांगावंसं वाटत होतं, पण सांगवेना. मग ती मागच्या दारानं पळाली.

काय म्हणतोस बाबू? मार बसेल तिला? थांब जरा. मारापेक्षा मोठं संकट होतं.

इंदुली रत्नशाळेपाशी आली. दुपारची वेळ. पहारेकरी जेवून भिंतीला टेकलेला, मान छातीवर पडलेली. ती आत शिरली, एका खांबामागे बसली आणि मूठ उघडली.

तर पाचू खोकला.

खरंच. आधी खोकला, मग शिंकला, मग म्हणाला, "आई गं! किती वर्षांनी तोंड मोकळं झालं!"

इंदुली दचकली. "तू बोलतोस?"

"पूर्वी बोलायचो. मग तोंडात तेल भरलं. तोंडात तेल असताना तू बोलून दाखव बरं. ह्या भेगा दिसतात ना, तेच माझं तोंड."

"पण भेगा तर मी पाडल्या. कढत पाण्यानं."

"तू? छे! भेगा माझ्यात जन्मापासून आहेत. जमिनीत जमत होतो तेव्हा वरून केवढा भार होता, ठाऊक आहे? जवळजवळ सगळ्याच पाचूंना असतात. तुझी आई दर पौर्णिमेला त्यात थोडं थोडं तेल जिरवते. तेल भरलं की रेघा दिसत नाहीत. तिची आईही तेच करायची. तू रिठ्यानं तेल धुऊन काढलंस, एवढंच."

एवढंच! इंदुलीला हायसं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. दगड तिनं फोडला नव्हता. दगडात खोटच होती. आणि आईला ते माहीत होतं. म्हणजे उद्या आई नदीपलीकडे.

"तेल परत भरू," ती घाईनं म्हणाली. "आत्ता आणते."

"आता आत पाणी शिरलंय. ते सुकायला हवं. मग तेल हळूहळू मुरणार. महिना तरी जाईल."

"पण दर्शन उद्या आहे!"

पाचूनं तबकांकडे बघितलं. मग म्हणाला, "इथं एवढे नामांकित निर्दोष बसलेत. त्यांना विचार. भेग कशी घालवायची ते त्यांना माहीत असेल."

मग इंदुली तबकापाशी गेली. पहिल्या खणात माणिक होतं. लालबुंद, डाळिंबाच्या दाण्यासारखं. पाचूनं त्याला हाक मारली. माणिक आधी बोलेचना. मग हळूच म्हणालं, "कोण आहे? राजा नाही ना?"

"नाही. मी इंदुली. माझ्या पाचूची भेग कशी जाईल?"

"आगीत घाल," माणिक म्हणालं. "माझ्यात धुरकट ढग होता. सोनारानं मला भट्टीत घातलं. रात्रंदिवस तापलो. ढग गेला." मग आवाज आणखी खाली आणून म्हणालं, "आणखी एक सांगतो, कुणाजवळ बोलू नकोस. मी लाल आहे ना, तीसुद्धा खोटच. माझी जात मूळची पांढरी, पाण्यासारखी. कुठला तरी परका कण आत मिसळला आणि मी लाल झालो. तो कण नसता तर मला कुणी विचारलंही नसतं. पण राजाला कळलं तर? गळ्याची शपथ घे."

इंदुलीनं शपथ घेतली. पाचू म्हणाला, "आगीत मी जगणार नाही. तडतडून तुकडे होतील."

मग ती मोत्याकडे गेली. मोती मोठा होता, पण मंद झाला होता, बंद घरातल्या दिव्यासारखा. "मला कुणी गळ्यात घालत नाही," तो आल्या आल्या कुरकुरला. "मोत्याला माणसाची ऊब लागते. इथं मखमलीवर पडून पडून मी मरायला टेकलोय. काय हवंय तुला?"

"भेग कशी झाकायची?"

"थर दे. एकावर एक. पातळ, अगदी पातळ. माझ्या शिंपल्याच्या पोटात एक कचरा शिरला होता. त्याला टोचायला लागला. काढता येईना, म्हणून तो त्यावर थर देत बसला. ते थर म्हणजेच मी." मोती एकदम थांबला. "हे तू ऐकलं नाहीस हं. माझ्या पोटात कचरा आहे हे राजाला कळलं तर मी नदीत. शपथ घे."

इंदुलीनं शपथ घेतली. "किती वेळ लागला थर द्यायला?"

"वर्षंच्या वर्षं."

 बाहेर पहारेकरी चुळबुळायला लागला होता. शेवटी ती लसण्याकडे गेली. लसण्या म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखा खडा. पिवळसर, आणि मधोमध उजेडाची एक उभी रेघ. खडा हलवला की रेघ सरकते. त्या रेघेसाठी राजानं तो लांबून आणवला होता.

"मला तर उपायच माहीत नाही," लसण्या म्हणाला. "मी आपला हलत राहतो. रेघ इकडून तिकडे, तिकडून इकडे. लोक रेघेकडे बघतात, आत बघत नाहीत. आत म्हणजे, काय सांगू तुला, नुसते धागे आहेत. केसाहून बारीक, हजारो. उजेड त्यांना अडखळतो, त्याचीच ती रेघ. घे, शपथ घे लवकर. मला धडधडायला लागलंय."

इंदुलीनं तीही शपथ घेतली.

आता बघा पोरांनो. ती गेली एक गुपित घेऊन आणि आली चार घेऊन. उपाय मात्र एकही नाही. उलट तिला कळलं की ती सगळी नामांकित रत्नं मखमलीवर पडून दिवसभर थरथरत असतात. आणि त्यांना बघणारा राजा म्हणतो, काय तेज आहे!

त्या संध्याकाळी इंदुली गच्चीवर गेली नाही. जेवलीही नाही.

सकाळ झाली. चौकात ढोल वाजायला लागले. राणी आरशासमोर बसली होती. गळा मोकळा. इंदुली दारात उभी राहिली. मग पुढे आली आणि मूठ उघडून आईच्या मांडीवर ठेवली.

"मी धुतला. रिठ्यानं. मळला होता म्हणून."

राणीनं पाचूकडे बघितलं. भेगांवरून बोट फिरवलं. मग इंदुलीचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला.

"पाणी कढत होतं ना? हात भाजला नाही ना गं?"

तेव्हा इंदुलीला रडू आलं. इतका वेळ आलं नव्हतं ते सगळं आलं.

मग ती म्हणाली, "आई, हरवला म्हणून सांगू."

राणीनं रिकाम्या डबीकडे बघितलं. तिच्याही मनात ते आलं असणार. मग म्हणाली, "हरवला म्हटलं तर दासींच्या झडत्या होतील. चोर म्हणून एखादी जाईल नावेतून. नको. चल, वेणी घालू तुझी. उशीर होतोय."

आणि तिनं इंदुलीची घट्ट वेणी घातली. चांगली घट्ट. 

चौकात सगळं गाव जमलं होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. राजा सिंहासनावर, डोक्यावर टोप, टोपात हिरा. निरखपंत कुंडाशी बाह्या सारून उभे, शेजारी रत्नांची तबकं मांडलेली. माणिक पाण्यात गेलं. "निर्दोष!" मोती गेला. "निर्दोष!" लसण्या गेला. "निर्दोष!" दर वेळी इंदुली आईचा पदर घट्ट धरायची आणि सोडायची.

मग राणीनं पाचू दिला.

पाणी नितळ होतं. ऊन सरळ आत जात होतं. पाचू तळाशी टेकला आणि त्याच्या भेगा चांदीच्या तारांसारख्या चमकल्या. चौकात पानही हलेना.

"खोट!" निरखपंत ओरडले.

राजा उठून उभा राहिला. "हे कसं झालं?"

"मी कढत पाण्यानं धुतला," इंदुली म्हणाली.

राजाचा चेहरा सैल झाला. "असं होय! पोर आहे. धुताना तडकला. दुसरा आणू. पुढचं रत्न."

बघा हं. तिथंच संपलं असतं. पण निरखपंतांना कुठं राहवतंय? ते पाण्यात नाक बुडेपर्यंत वाकले आणि म्हणाले, "महाराज, भेग आजची नाही. कोपऱ्यात अजून तेल आहे. ही पहिल्यापासूनची आहे."

राजानं राणीकडे बघितलं. हळूच विचारलं, जणू नाही म्हण असं सांगत होता. "तुला माहीत नव्हतं ना?"

राणी म्हणाली, "माहीत होतं. आईनं दिला तेव्हापासून."

राजानं डोळे मिटले. मग म्हणाला, "नाव आणा."

राणीनं कुंडातून पाचू उचलला आणि चालायला लागली. इंदुली धावत जाऊन तिचा हात धरून चालायला लागली. तिच्या ओठांवर सगळी नावं आली होती. माणिक, मोती, लसण्या. एक शब्द बोलली असती तर निरखपंतांचं तोंड बंद झालं असतं. आईच्या मुठीतून पाचू पुटपुटला, "सांगू का मी?"

"नको," इंदुली म्हणाली. "शपथ घेतलीय."

त्या दोघी नावेत बसल्या. नावाड्यानं साखळी सोडली.

आणि तेवढ्यात मागे टप्प असा आवाज झाला.

मोती तबकातून खाली पडला होता. पडला नव्हता, उडी मारली होती. टप्प, टप्प करत तो पायऱ्या उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या पोटात कचरा आहे. मलाही न्या." मग माणिक घरंगळलं. "मी मूळचा पांढरा. मलाही न्या." मग लसण्या आला, रेघ नुसती लटलटत होती. "माझ्यात धागे आहेत हो. मी येतो." मग नीलम, मग पुष्कराज, मग तबकंच्या तबकं रिकामी झाली. पायऱ्यांवरून रंगांचा ओघळ नावेकडे निघाला. लोक वाट करून देत होते.

निरखपंत सवयीनं "निर्दो..." म्हणाले आणि उरलेलं गिळून टाकलं.

त्याच वेळी राजाच्या टोपात काहीतरी खडखडायला लागलं. राजानं दोन्ही हातांनी टोप दाबून धरला. जोरात, बोटं पांढरी होईपर्यंत.

इंदुलीनं नावेतून ते बघितलं. तिला काही माहीत नव्हतं, बरं का. तिनं आपलं सहज विचारलं, "बाबा, टोप का धरलात? वारा तर नाहीये."

सगळ्या गावानं राजाकडे बघितलं.

राजाचे हात टोपावरच होते. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो "वारा आहे" म्हणू शकला असता. राजा म्हणाला असता तर लोकांनीही अंगावरची उपरणी सावरली असती. पण नावेतली मुलगी उत्तराची वाट बघत होती. शेवटी राजानं टोप काढला. हिऱ्याचं कोंदण मागून बंद होतं, सोन्याच्या पत्र्यानं. त्यानं कट्यारीच्या टोकानं पत्रा उचकटला आणि हिरा स्वतःच कुंडात सोडला.

हिऱ्याच्या मधोमध काळा तीळ होता.

"माझ्या वडिलांनी मागून पत्रा लावून घेतला होता," राजा म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला रोज वाटायचं, आज कुणाला तरी दिसणार."

मग तो पायऱ्या उतरून आला आणि नावेत बसला. राणी थोडी सरकली आणि त्याला जागा करून दिली.

पलीकडे गेले तर काय? नुसता काळा खडक कुठला! लोकांनी डोक्यावरून गाळ वाहून आणला होता. त्यावर वांगी होती, दोडक्याचे वेल होते. खडक फोडताना गारगोट्या निघाल्या होत्या. बाहेरून काळ्या ओबडधोबड, आणि फुटल्या की आत जांभळे, पांढरे स्फटिक दाटीवाटीनं उभे. पोरं ते घेऊन खेळत होती. राजा दिसताच आयांनी पोरांना पाठीमागे ओढलं.

भीमाक्का तेवढी पुढे आली. कमरेवर हात ठेवून.

"काय रे वजू, इथलेही निवडून काढायला आलास?"

"नाही अक्का. माझ्या हिऱ्यात खोट निघाली. मला इथं राहावं लागणार."

भीमाक्का हसली. "तो तीळ होय? अरे, तू एवढासा होतास तेव्हा तूच मला दाखवला होतास. बापाच्या टोपातला. म्हणाला होतास, अक्का, त्याच्या आत मुंगी आहे."

राजानं मान खाली घातली. मग आता समजलं ना, त्यानं भीमाक्काला का घालवलं? डोळ्यातल्या फुलामुळे नाही. तिला मुंगी माहीत होती म्हणून.

"अक्का, परत चल," तो म्हणाला. "सगळेच चला."

"बघू," भीमाक्का म्हणाली. "वांगी धरलीत आत्ताच. आणि तू बोलावलंस म्हणून लगेच यायचं, तू घालवलंस म्हणून लगेच जायचं, असं कसं? तू आधी एक कर. ती साखळी काढून टाक. मग ज्याला यायचं तो येईल, ज्याला राहायचं तो राहील."

तोतरा भाट मागून म्हणाला, "आ... आणि भाडं घ्यायचं नाही!" सगळे हसले. राजाही हसला, पण जरा वेळानं. त्याला सवय नव्हती.

मग साखळी काढली. नाव दोन्ही काठांना जायला लागली. काही लोक परत आले, काही तिथंच राहिले, आणि राजानं कुणाला विचारलं नाही का म्हणून. लोकांनी कपाळावरचे केस मागे घेतले. कमी ऐकू येणारा माणूस "काय?" म्हणून विचारायला लागला. रत्नशाळेची दारं उघडली. रत्नं अंगावर आली, लग्नाकार्यात मिरवायला लागली. मोती भीमाक्काच्या गळ्यात गेला आणि चार दिवसांत टवटवीत झाला. लसण्याला अजून मधूनच धडधडतं, पण तो आता हलत बसत नाही. निरखपंत अजूनही पाण्यात वाकून बघतात. आता ओरडत नाहीत. आत काय काय दिसलं ते पोरांना सांगतात. राजा तीळ असलेला हिरा उघड्या कोंदणात घालतो. आणि गच्चीवरून धूर बघायची इंदुलीला गरज उरली नाही, ती नावेत बसून सरळ भीमाक्काकडे जेवायला जाते.

आणि पाचू? पाचू राणीच्या गळ्यात आहे. सगळ्या भेगांसकट. थंडी पडली की तो कोरडा होतो, चुरचुरतो. मग राणी चौकात उन्हाला बसते, सगळ्यांसमोर, आणि बोटानं त्याला तेलाचा थेंब लावते. लपवायला नाही गं. बरं वाटावं म्हणून. तुझ्या टाळूवर घालते ना मी, तसंच.

झालं. ती तिकडे सुखात आहेत, आपण इकडे. बाबू तर कधीच झोपला. तू टेक आता, कनू. उशीला तेल लागलं तर लागू दे.